विश्लेषण : दोन्ही डब्यांवर ‘५डब्ल्यू-३०’, तरी इंजिन ऑइल वेगळे कसे?

सर्व्हिसिंगला गाडी दिली की विचारणा होते, ‘५डब्ल्यू-३०च टाकू ना?’ आपण मान डोलावतो. पण याच ग्रेडच्या एका डब्यावर ‘एपीआय एसपी’, तर दुसऱ्यावर ‘एसीईए सी३’ असे लिहिलेले असू शकते. पहिले मानक अमेरिकी, दुसरे युरोपीय. चुकीचा डबा निवडला तर भुर्दंड गाडीमालकालाच पडतो.

ग्रेडवरून काय कळते?

फक्त ऑइलचा दाटपणा. ‘५डब्ल्यू’ थंड इंजिनमधील प्रवाहीपणा सांगतो, ‘३०’ तापलेल्या इंजिनमधील दाटपणा. ऑइलमध्ये कोणती रसायने किती आहेत, याचा अंदाज मानकावरून येतो.

अमेरिकी मानकाचा भर कशावर?

अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचे (एपीआय) ‘एसपी’ हे मानक २०२०च्या मे महिन्यात आले, त्यापुढचे ‘एसक्यू’ मार्च २०२५मध्ये. ‘एस’ मालिका पेट्रोल इंजिनांसाठी आहे. लहान टर्बो इंजिनमध्ये कमी वेगात जास्त जोर पडला, की कधी कधी स्पार्क प्लगची ठिणगी पडण्याआधीच इंधन पेट घेते. त्यात पिस्टन तुटू शकतो. हा धोका आणि टायमिंग चेनची झीज रोखण्याची चाचणी ‘एसपी’मध्ये आहे.

युरोप वेगळा का?

तिथे डिझेल कार मोठ्या संख्येने, महामार्गावर वेग जास्त आणि ऑइल बदलण्याचे अंतरही लांब. त्यामुळे ‘एसीईए’ या वाहन उत्पादकांच्या संघटनेने ‘सी३’साठी १५० अंश सेल्सियसला आणि प्रचंड घर्षणातही टिकणारा दाटपणा किमान ३.५ ठरवला. ३० ग्रेडच्या ऑइलला एरवी २.९ पुरतो.

दुसरी अट राखेची. ‘सी३’मध्ये तिचे प्रमाण ०.८ टक्क्यांपर्यंतच चालते. डिझेल गाडीच्या डीपीएफ फिल्टरमध्ये अडकलेली काजळी जाळता येते, पण ऑइलची राख जळत नाही. ती साचत जाते आणि फिल्टर तुंबतो.

मग युरोपीय ऑइलच घ्यावे?

तसेही नाही. ‘ए३/बी४’ हेदेखील युरोपीय मानक, पण त्यात राख १.६ टक्क्यांपर्यंत चालते. डीपीएफला ते घातक. उलट, ०डब्ल्यू-१६सारख्या पातळ ऑइलसाठी बनलेल्या इंजिनमध्ये ‘सी३’ टाकल्यास मायलेज घटू शकते. शिवाय ‘सी’ अक्षर फसवे आहे. एपीआयच्या यादीत ‘सी’ म्हणजे डिझेल, तर ‘एसीईए’च्या यादीत धूर शुद्ध करणाऱ्या यंत्रणेला मानवणारे ऑइल. म्हणजे ‘सीएच-४’ आणि ‘सी३’ यांत ‘सी’ असला तरी एकाच्या जागी दुसरे चालत नाही.

आपल्याकडे याचे महत्त्व काय?

एप्रिल २०२०पासून बीएस-६ लागू झाले आणि डिझेल कारमध्ये डीपीएफ आला. तरीही अनेक गॅरेजमध्ये अजून ग्रेड विचारूनच डबा फोडला जातो. डीपीएफ बदलण्याचा खर्च ऑइलच्या डब्याच्या कितीतरी पट असतो.

म्हणून गाडीच्या माहितीपुस्तिकेतील ऑइलचे पान उघडून ग्रेड आणि मानक, दोन्ही जुळवा. कार कंपनीचा स्वतःचा मंजुरी क्रमांक दिला असेल, तर तोही डब्यावर शोधा. ‘एसीईए’ स्वतः प्रमाणपत्र देत नाही. दावा ऑइल कंपनीचा असतो. डबा तुमच्यासमोर उघडायला सांगा आणि बिलावर ग्रेडसोबत मानकही लिहून घ्या. उद्या वॉरंटीचा वाद झाला, तर हाच कागद तुमच्या कामी येईल.