नवरा सुरतचा, बायको कुठली?

२६ एप्रिल २०२५ ची सकाळ. लिंबायतमधल्या आमच्या गल्लीतल्या पोरांच्या ग्रुपवर तोच तो व्हिडिओ फिरत होता. पोलिसांनी रात्रीतून उचललेली माणसं, बायका, पोरं, आणि त्यांना रस्त्यानं रांगेत चालवत नेलेलं. अहमदाबाद आणि सुरत मिळून हजाराच्या वर लोक, त्यातले १३४ सुरतचे. सगळे ‘बांगलादेशी’. खाली टाळ्यांचे इमोजी, तिरंगे, ‘साफ करा एकदाचं’. टाळ्या वाजवणारी पोरं कोण? धुळे, शिरपूर, शहादा, अमळनेर, पारोळा इथून आलेल्यांची. माझ्यासारखीच. मी टाळी वाजवली नाही, पण विरोधात चकार शब्द लिहिलाही नाही, हे आधी कबूल करतो.

त्याच संध्याकाळी चुलतभावाच्या घरी गेलो. भाऊ लूमवर बारा तासांच्या पाळीला होता. वहिनी साड्यांना टिकल्या चिकटवत बसली होती. तिनं मान वर न करता विचारलं, “भाऊ, मना कागद कोठे शेतस?”

मला उत्तर देता आलं नाही. मी राज्यशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. राज्यघटनेतली नागरिकत्वाची कलमं, ५ ते ११, पाठ आहेत. वहिनीचे कागद कुठे आहेत ते मला माहीत नव्हतं, कारण ते कुठेच नाहीत.

तिची गोष्ट पुढे सांगतो. आधी कायदा बघू, कारण गल्लीत एक समज पक्का आहे: नवरा भारतीय असला की बायकोचं आपोआप होतं. नाही होत, भावांनो.

नागरिकत्व कायदा १९५५ चा. त्याच्या कलम ५ प्रमाणे भारतीय माणसाशी लग्न केलेल्या परदेशी व्यक्तीला नोंदणीनं नागरिकत्व मागता येतं, पण त्याआधी सात वर्षं भारतात राहिलेलं असावं लागतं. लग्न नोंदलेलं असेल आणि दोन वर्षं टिकलेलं असेल तर ओसीआय कार्ड मिळू शकतं, पण मूळ पाकिस्तान-बांगलादेशचं असलेल्याला नाही. या दोन देशांतून व्हिसावर आलेल्या आणि इथे लग्न झालेल्या बायकांसाठी दीर्घ मुदतीचा व्हिसा आहे. बस्स, संपले रस्ते. आणि हे सगळे रस्ते ज्याच्याकडे पासपोर्ट-व्हिसा आहे त्याच्यासाठी. जो बिनकागदाचा आला, किंवा कागदाची मुदत संपूनही राहिला, त्याला कायदा ‘बेकायदेशीर स्थलांतरित’ म्हणतो, आणि नोंदणीच्या कलमात पहिलीच अट आहे की अर्जदार बेकायदेशीर स्थलांतरित नसावा. मग लग्नाला वीस वर्षं झालेली असोत, चार पोरं असोत, नवऱ्याच्या सात पिढ्या इथल्या असोत. दार बंद. २०१९ च्या दुरुस्तीनं तीन देशांतल्या सहा धर्मांच्या, २०१४ संपेपर्यंत आलेल्या लोकांसाठी ते किलकिलं केलं. म्हणजे आत घ्यायचं की नाही हे लग्नावर नाही, बायकोच्या धर्मावर ठरलं.

याहून वाईट पोरांचं आहे. १ जुलै १९८७ ते २ डिसेंबर २००४ या काळात भारतात जन्मलेल्याला आई-बापातलं एक भारतीय असलं की पुरतं. ३ डिसेंबर २००४ पासून जन्मलेल्यासाठी दोघंही भारतीय हवेत, किंवा एक भारतीय आणि दुसरा ‘बेकायदेशीर’ नको. म्हणजे बाप पक्का खानदेशी, पोरगं सुरतच्या सरकारी दवाखान्यात जन्मलेलं, तरी आई बिनकागदाची ठरली की पोरगं जन्मानं भारतीय नाही. हे वाक्य मी वर्गात वाचलं तेव्हा परीक्षेपुरतं वाचलं होतं. वहिनीची मुलगी दोन वर्षांची आहे.

आता कोणी म्हणेल, अमेरिकेत तरी वेगळं काय आहे? ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेचं लष्करी विमान अमृतसरला उतरलं. १०४ भारतीय, हातापायात बेड्या. त्यात ३३ गुजरातचे होते, तिघे महाराष्ट्रातले. तेव्हा याच सुरतमध्ये लोक हळहळले. पोटासाठी गेले होते बिचारे, त्यांना असं वागवायचं का, म्हणाले. मीही म्हणालो. अमेरिकेचा कायदाही क्रूर आहे: चोरवाटेनं शिरलेला आणि वर्षाहून जास्त राहिलेला नवरा कागद करायला देशाबाहेर पडला की त्याच्यावर दहा वर्षांची बंदी लागते. पण तिथे नागरिक असलेल्या बायकोला नवऱ्यासाठी अर्ज तरी करता येतो. तो व्हिसावर आत आलेला असेल तर मुदत संपलेली असूनही तिथेच बसून कागद होऊ शकतात. नाही तर ‘माझ्या घरादाराची धूळधाण होईल’ हे सिद्ध करून बंदीतून सूट मागता येते. कठीण का होईना, फटीएवढं दार आहे. आपल्याकडे ती फटही नाही. फेब्रुवारीत आपण गुजरातच्या ३३ जणांसाठी रडलो आणि एप्रिलमध्ये त्याच तोंडानं टाळ्या. अडीच महिन्यांत माणूस एवढा बदलतो?

“पण घुसखोर शोधायलाच नकोत का?” हा प्रश्न मला मित्रांनी विचारला आहे आणि तो टाळण्यासारखा नाही. देशाला सीमा असते, आत कोण आलं हे बघायचा हक्क राज्याला असतो. मान्य. माझं भांडण शोधण्याशी नाही, शोधायच्या रीतीशी आहे. एप्रिलच्या त्या धाडींनंतर दोन-तीन दिवसांत राज्याच्या पोलीस प्रमुखांनीच आकडे सांगितले: गुजरातभर ताब्यात घेतलेले सुमारे साडेसहा हजार, त्यातले कागदांवरून बांगलादेशी ठरलेले साडेचारशे. बाकी सहा हजारांना आधी उचललं आणि मग तपासलं. हे सहा हजार कोण असतील? ज्यांचं बोलणं वेगळं, वस्ती गरीब आणि खिशात कागद नाही, असे. लिंबायतमध्ये असं कोण कोण आहे ते मोजा जरा.

आणि सिद्ध करायचं ओझं कोणावर? १९४६ च्या परदेशी नागरिक कायद्यात ते ज्याच्यावर संशय त्याच्यावर होतं. १ सप्टेंबर २०२५ पासून त्याच्या जागी नवा कायदा आला, ओझं तिथेच राहिलं. चोरावर चोरी सिद्ध करायची तर पोलिसांना पुरावा लागतो. तू परदेशी नाहीस हे मात्र तूच दाखव. आधार दाखवलं तर? आधार कायद्यातच लिहिलंय की तो नागरिकत्वाचा पुरावा नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ठाण्याच्या एका जामीन प्रकरणात सांगितलं की आधार, पॅन, मतदार कार्ड असल्यानं कोणी नागरिक होत नाही. मग होतं कशानं? जन्मदाखल्यानं, आई-बापाच्या कागदांनं.

आता वहिनी.

तिचं माहेर नंदुरबार जिल्ह्यात, शहाद्याच्या वरच्या अंगाला. आई-बाप ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत यायचे. तुम्ही नवापूर-नंदुरबारचे असाल तर हे सांगायला नको: दिवाळी झाली की गावं रिकामी, कोयते घेऊन टोळ्या बारडोली पट्ट्यात, शेताच्या कडेला पडाव, प्लास्टिकची पालं. वहिनी अशाच एका पालात जन्मली. साल २००१ असावं, थंडीचे दिवस. गाव कोणतं ते तिच्या मायला सांगता येत नाही. “बारडोलीना पुढे, कालवाना काठे,” एवढंच. दाई टोळीतलीच होती. नोंद कोण करणार? मुकादमाला नोंद कोयत्यांची ठेवायची असते, पोरांची नाही. सहा महिने इथे, सहा महिने तिथे, त्यामुळे शाळाही नाही. म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला नाही. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन लिंबायतला आली. आधार झालं, मतदार यादीत नाव लागलं. सगळं ठीक चाललं होतं.

नोव्हेंबर २०२५ मध्ये गुजरातेत मतदार याद्यांची विशेष सखोल फेरतपासणी सुरू झाली. फॉर्म आला. २००२ च्या यादीत तुमचं नाव दाखवा, नाही तर आई-बापाचं दाखवा. भावाचं पाच मिनिटांत झालं, काकांचं नाव सुरतच्या जुन्या यादीत होतं. वहिनीसाठी मी तीन संध्याकाळी तिच्या माहेरच्या गावाची २००२ ची यादी मोबाइलवर बोटानं सरकवत बसलो. बापाचं नाव नाही, आईचं नाही. यादीवाले दारात आले असतील तेव्हा ती दोघं उसाच्या फडात असणार. नोटीस आली. बीएलओ बाई चांगल्या होत्या, त्या म्हणाल्या, जन्मदाखला आणा, होऊन जाईल.

तर जन्मदाखला. उशिरा नोंद करायची सोय कायद्यात आहे. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे वर्षानंतर नोंद करायची तर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो, आणि नोंद जिथे जन्म झाला तिथेच होते. वहिनी जन्मली गुजरातेत. एका कचेरीत सांगितलं, आई-बाप महाराष्ट्राचे आहेत, तिकडे जा. तिकडच्या कचेरीत सांगितलं, जन्म गुजरातचा आहे, इकडे कशाला आलात? दोघांचंही म्हणणं नियमाला धरून होतं, हीच तर गंमत.

मग अर्थातच एजंट भेटला. जन्म माहेरच्या गावी झाला असं लिहून दाखला काढून देतो म्हणाला, आठ हजार. भाऊ तयार झाला होता. मी नको म्हणालो, आणि त्यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं. कारण २०२५ च्या जानेवारीत मालेगावात काय झालं ते मी वाचलेलं होतं. उशिरा दिलेल्या जन्मदाखल्यांवरून गदारोळ उठला, विशेष तपास पथक नेमलं गेलं, राज्यभर असे दाखले द्यायचं काम थांबवलं, मग मार्चमध्ये नवी, आधीपेक्षा कडक पद्धत आली. खोटा दाखला आज काम करेल आणि उद्या तोच गळ्यात येईल. पण भाऊ जे म्हणाला तेही मला खोडता आलं नाही: “खऱ्याचा कागद मिळत नाही, खोट्याचा आठ हजारात मिळतो. मग गुन्हेगार मी का?” बांगलादेशी पकडायला जी गाळणी लावली तिच्यात सगळ्यात आधी अडकली ती आपल्याच ऊसतोड कामगाराची पोरगी.

याच लिंबायतमध्ये ७ मार्च २०२५ ला पंतप्रधान आले होते. सुरतच्या दोन लाखांवर लोकांना रेशनचा लाभ, मोठी सभा. ‘वन नेशन वन रेशन’ २०१९ मध्ये सुरू झालं तेव्हा पहिल्या दोन जोड्यांतली एक महाराष्ट्र-गुजरात होती. म्हणजे गहू-तांदळाला हद्द ओलांडता येते हे सरकारला नीट जमतं, मतं मोजताना तर जमतंच. लिंबायतच्या आमदार मराठी, खासदार जळगाव जिल्ह्यात जन्मलेले. दर निवडणुकीत खानदेशी मतांचा हिशोब होतो. त्या मतांमागच्या बायकांच्या जन्माचा हिशोब मात्र दोन राज्यांना मिळून करता येत नाही?

मागायचं काय ते स्पष्ट मागू या. ऊस हंगामात पडावावर जन्मलेल्या प्रत्येक पोराची नोंद कारखान्याच्या हद्दीतच व्हावी, आणि जुन्या जन्मांसाठी नंदुरबार-धुळे आणि सुरत-तापी या जिल्ह्यांनी एकत्र शिबिरं घ्यावीत, जिथे टोळीतल्या माणसांची साक्ष पुरावा म्हणून धरली जाईल. बायको कुठली हे ठरवताना नोंदलेलं लग्न आणि सासरच्या घरातली वर्षं मोजली जावीत. आणि ही मागणी फक्त ‘आपल्या’ बायकांपुरती ठेवू नका. जी खरोखर सीमेपलीकडून आली, इथे संसार केला, जिच्यावर दुसरा गुन्हा नाही, तिला दंड भरून, चौकशी होऊन, सात वर्षांनी अर्ज करायचा रस्ता हवा. तिच्या पोरांना तर आजच हवा. त्यांनी कुठली सीमा ओलांडली? इथे ग्रुपवरचे निम्मे माझ्याशी भांडतील, माहीत आहे. पण तिच्यासाठी दार बंद ठेवायचं तर दारावर उभा राहणारा माणूस सगळ्यांचेच कागद मागणार, आणि तो वहिनीला ओळखत नाही.

बेळगाव-निपाणीकडचे मित्र म्हणतात, आमचा लढा कागद मराठीत मिळावा म्हणून. बरोबर आहे, तो लढलाच पाहिजे. आमच्या इकडे पहिला लढा कागद मिळावा हाच आहे, कुठल्याही भाषेत.

वहिनीला घेऊन मागच्या महिन्यात माहेरी गेलो होतो. येताना नवापूर स्टेशनला गाडी थांबली. तिथला फलाट अर्धा महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. १ मे १९६० ला हद्द आखली तेव्हा स्टेशन आधीच उभं होतं. मी तिला कौतुकानं दाखवायला गेलो, बघ, हे बाकडंसुद्धा दोन राज्यांत आहे. ती मांडीवर झोपलेल्या पोरीला थोपटत म्हणाली, “बाकडानं बरं शे. त्याले कोन्ही इचारत नही.”

नोटिशीवरची सुनावणी एकदा पुढे ढकलून मिळाली आहे. येत्या रविवारी मी आणि भाऊ बारडोलीकडे जातोय, त्या वेळचा मुकादम शोधायला. त्याच्या जुन्या वहीत टोळीची नावं आणि पडाव कुठे होता ते लिहिलेलं असेल तर निदान गाव तरी कळेल. २०००-०१ च्या हंगामात शहादा-तळोद्याकडून बारडोली पट्ट्यात गेलेली टोळी तुमच्या ओळखीतली असेल, कोणाचे आई-वडील त्या टोळीत असतील, तर पेजच्या इनबॉक्समध्ये कळवा. नाव-पत्ता कमेंटमध्ये टाकू नका.