शेजार कोणाचा?

प्रादेशिक साहित्याविषयी लिहिता-बोलताना 'केंद्र' आणि 'परीघ' हे शब्द आम्ही इतक्या सहजतेने वापरत आलो आहोत, की कोणता मुलूख नेमका कोणाच्या परिघावर आहे, हे विचारण्याचे आम्हांला सुचेनासे झाले. अर्थशास्त्रातील एका शाखेने हाच प्रश्न आकड्यांत मांडला आहे. वाङ्मयाच्या अभ्यासकांनी तिच्याकडे पाठ फिरवू नये, असे आम्हांस वाटते.

गरीब प्रदेश श्रीमंतांपेक्षा वेगाने वाढतात आणि अंतर हळूहळू मिटते, या सिद्धान्ताची पडताळणी बॅरो आणि साला-इ-मार्टिन यांनी १९९०च्या दशकारंभी अमेरिकेतील राज्यांवर केली. त्या पद्धतीत प्रत्येक प्रदेश जणू एक बेट. आता समजा, आपल्या जिल्ह्यांच्या दरडोई उत्पन्नाचे आकडे कोणी पत्त्यांसारखे पिसून नकाशावर पुन्हा वाटले. मुंबईचा नंदुरबारला गेला, गडचिरोलीचा पुण्याला आला. आकड्यांची सरासरी तीच राहील, विषमतेचे मापही तेच. बदलेल तो फक्त शेजार. पॅट्रिक मोरान यांचा १९५०चा निर्देशांक हाच बदल टिपतो: शेजारी शेजाऱ्यासारखा असेल तर तो धन, बुद्धिबळाच्या पटासारखी मांडणी असेल तर ऋण.

आपल्याकडचा वाद मुख्यतः एककाचा. दांडेकर समितीने १९८४ मध्ये जिल्हा धरला, केळकर समितीने २०१३ मध्ये तालुका. एकक लहान केले की जिल्ह्याच्या सरासरीत दडलेले दारिद्र्य दिसते, हे खरेच. पण राज्याच्या सरासरीपासून मोजलेला अनुशेष शेजाराविषयी काही सांगत नाही.

मात्र शेजारी कोणाला म्हणावे, हे गणित ठरवीत नाही, अभ्यासक ठरवतो. सीमा भिडली की शेजारी, हा रूढ संकेत. त्याप्रमाणे सातारा, सांगली, कोल्हापूर हे रत्नागिरीचे शेजारी. मधला सह्याद्री हिशेबात नाही. आणि जिच्या गिरण्यांतून पिढ्यान्‌पिढ्या मनिऑर्डरी आल्या, जिच्यावर कोकणातली चूल पेटली, ती मुंबई परकी! १९८२च्या संपानंतर तो ओघ आटू लागला. तो धक्का या नकाशावर कोणाच्या खाती मांडणार? गडचिरोलीची गोष्ट निराळी. तिच्या पूर्वेला छत्तीसगड, दक्षिणेला तेलंगण. राज्याच्या सीमेवर नकाशा कापला की त्या बाजूंचे शेजारी नाहीसेच होतात.

पत्र कोठून येते, पोरगा कामाला कोठे जातो, लेक कोणत्या मुलखात दिली जाते, याची नोंद प्रादेशिक कादंबरीने आकडेवारीच्या आधीपासून ठेवली आहे. कादंबरी म्हणजे नमुना-पाहणी नव्हे, हा संख्याशास्त्रज्ञांचा आक्षेप आम्हांला मान्य आहे. तिच्यातून टक्केवारी काढू नये. परंतु कोणते दोन जिल्हे एकमेकांचे शेजारी मानून पाहावेत, हे ती खासच सुचवू शकते, आणि तेवढ्यापुरते तरी मराठीच्या अभ्यासकाला अर्थशास्त्राच्या विभागात बोलावणे यावे. अजून कोणी बोलावलेले नाही. आपणहून जायलाही हरकत नाही.