ओळखीतलं काम

बचत गटांच्या कामानिमित्त माझं माहुलला जाणं-येणं असतं. चेंबूरच्या पुढे, तेलशुद्धीकरण कारखान्यांना खेटून तिथे प्रकल्पग्रस्तांच्या इमारती आहेत. तानसा जलवाहिनीलगतच्या वस्त्या पाडल्यावर २०१७ मध्ये कितीतरी कुटुंबं इथे आणली गेली. इथल्या वाईट हवेबद्दल वर्तमानपत्रांत पुष्कळ छापून आलं, कोर्टकचेऱ्याही झाल्या. पण ब्लाउज शिवणारी एक बाई मला म्हणाली, "ताई, घर मिळालं हो, गिऱ्हाईक मागेच राहिलं."

तिची लेक कॉम्प्युटरवर डिझाइन करते. लग्नपत्रिका, दुकानाचे बोर्ड, लोगो. क्लास केला, जुना लॅपटॉप घेतला, पण काम देणार कोण? पहिलं काम मंडळाच्या बॅनरचं, फुकट. "तुझंच नाव होईल" असं सांगून. मग एका शिकवणीवाल्याचं माहितीपत्रक. त्याने अकरा वेळा बदल करून घेतले आणि नंतर फोन उचलणंच बंद केलं.

मला त्या माणसाचा राग आला. मग आठवलं, आमच्या महिला मेळाव्याचं पत्रक मीच तिच्याकडून फुकटात करून घेतलं होतं! "घरचंच काम आहे गं," म्हणून. वर रंग आवडला नाही म्हणून दोनदा बदलायलाही लावला होता.

लिज्जत पापडाची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन सुरुवात केली. पहिली चार पाकिटं भुलेश्वरच्या एका व्यापाऱ्याला विकली. मला त्यातली एक छोटी बाब जास्त मोलाची वाटते. सुरुवातीला त्या दोन प्रतीचे पापड करत, हलका माल स्वस्तात विकायला. छगनबाप्पा पारेखांनी सांगितलं, एकच प्रत ठेवा, आणि ती चांगली. नव्या डिझाइनरचंही तसंच आहे. स्वस्तात आणि फुकटात काम करत राहिलं, की तसलीच गिऱ्हाइकं दारात रांग लावतात.

मग चांगलं गिऱ्हाईक कुठे सापडतं? या मुलीला ते आमच्या गटातच सापडलं. आमच्या बायका मसाले, लोणची विकतात, पण लेबल साधं झेरॉक्सचं. पॅकबंद खाद्यपदार्थावर एफएसएसएआयचा चौदा आकडी क्रमांक, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख, शाकाहाराची हिरवी खूण हे सगळं लागतं. तिने बसून ते नियम वाचून काढले. आता लेबल करताना ती "इथे हे राहिलंय" असं सांगते. मसालेवाली पुन्हा येते, कारण लोणच्याचं लेबल राहिलेलं असतं, मग दिवाळीच्या फराळाचं. तिची बहीण, बहिणीची शेजारीणही येते. तुमच्या तालुक्याच्या गावीही असं गिऱ्हाईक असतंच. पापडवाली, पार्लरवाली, नवा दवाखाना टाकणारी डॉक्टरीण. वर्षाकाठी एकदा बॅनर लावणाऱ्या पुढाऱ्यापेक्षा ही बरी.

आणखी एक. उद्यम नोंदणी ऑनलाइन होते, तीही मोफत. कुणी एजंट पैसे मागत असेल तर देऊ नका. अशा नोंदणीकृत छोट्या व्यावसायिकाचे पैसे, लेखी करार नसेल तर पंधरा दिवसांत आणि असला तरी जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत द्यावेत, असं २००६ चा कायदा सांगतो. उशीर झाला तर व्याजही लागतं. म्हणून काम ठरलं की रक्कम, बदल किती वेळा आणि पैसे कधी, हे व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, लिहून घ्यायचं. बोलायला संकोच वाटतो, पण लिहायला तेवढा वाटत नाही, असं ती म्हणते.

यंदाच्या हळदीकुंकवाची पत्रिका मी तिलाच सांगितली. दुसऱ्या दिवशी मोबाइलवर तिचा निरोप आला: "मावशी, निम्मे आधी, दोन बदल त्यातच, तिसऱ्याचे वेगळे." क्षणभर मला लागलं, खोटं कशाला सांगू? मग पैसे पाठवले. बदल एकच सांगितला.