'नॉर्मल'ची साक्ष

कोलेस्टेरॉल हे औषध कंपन्यांनी उभं केलेलं बुजगावणं आहे, असा शोध एका विद्वानांनी लेख लिहून लावलाय. साक्षीदार तीन: वाटीभर तूप पिऊन नव्वदी गाठलेले आजोबा, कोलेस्टेरॉलवाचून अडणारा मेंदू आणि हृदयविकाराचा झटका येऊनही 'नॉर्मल' निघालेला रिपोर्ट.

आजोबांना नमस्कार. त्यांच्याच पिढीत पन्नाशीत गेलेल्यांच्या तुपाचा हिशेब मात्र कोणी ठेवलेला नाही. मेंदू आपलं कोलेस्टेरॉल स्वतः बनवतो, रक्तातल्या उधारीवर जगत नाही.

तिसऱ्या साक्षीदाराची उलटतपासणी घेतल्याशिवाय मला राहवत नाही. रक्त घेतलं कधी? झटक्यानंतर एक-दोन दिवसांत एलडीएल, म्हणजे 'वाईट' म्हणवलं जाणारं कोलेस्टेरॉल, खाली येतं. मोजलं काय? पुष्कळदा एलडीएल मोजतच नाहीत, 1972च्या एका सूत्राने काढतात: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा. ट्रायग्लिसराइड 400च्या वर गेलं की सूत्र कोलमडतं. आणि मुळात कोलेस्टेरॉल रक्तात विरघळत नाही, लायपोप्रोटीनच्या कणांत बसून फिरतं. धमनीच्या भिंतीत घुसतो तो कण. रिपोर्ट मोजतो कणातला माल. मधुमेह्याचे कण बहुधा लहान, प्रत्येकात माल थोडा, संख्या मात्र दांडगी. कोंडी गाड्यांनी होते, महाराज. प्रवासी मोजून रस्ता मोकळा ठरवता? एलडीएलच्या प्रत्येक कणावर अपोबी प्रथिनाचा एकच रेणू असतो. तो मोजा, गाड्या कळतील.

असलीच विद्वान मंडळी पूर्वी 'चांगलं' एचडीएल वाढवा म्हणून माझ्या मागे लागली होती. खूण वेगळी, कारण वेगळं, हे सांगून माझा घसा बसला. पुढे टॉरसेट्रॅपिब नावाच्या औषधाने एचडीएल भरपूर वाढवलं, मृत्यूही वाढले आणि 2006मध्ये चाचणी बंद पडली. त्यावर कोणी लेख लिहिल्याचं आठवत नाही.

मग एलडीएलही नुसती खूणच कशावरून नाही? कारण ज्यांच्या यकृतावरचे एलडीएल टिपणारे ग्राहक (रिसेप्टर) जन्मतःच अधू, त्यांना कोवळ्या वयात हृदयविकार गाठतो. हे ग्राहक शोधणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना 1985चं नोबेल मिळालं. उलट पीसीएसके9 जनुकातल्या बिघाडामुळे ज्यांचं एलडीएल जन्मभर कमी राहतं, त्यांना हा रोग फार कमी होतो. जन्माच्या आधी कोणती कंपनी गोळी विकायला गेली होती?

तेव्हा अपोबी तपासा, आनुवंशिक लायपोप्रोटीन(ए) आयुष्यात एकदा तरी बघा, आणि रक्तदाब, साखर, तंबाखू यांच्या शेजारी ठेवून डॉक्टरांशी बोला. विद्वानांनीही तपासून घ्यावं. रिपोर्ट 'नॉर्मल' आला, तर पुढचा लेख लिहिण्याआधी एकदा गाड्या मोजाव्यात.