सावकाराची नवी वही

१८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने गाठली, तेव्हा त्यांची मुख्य मागणी कर्जखतांची होती. हाती आलेल्या खतांची त्यांनी होळी केली. पिळवणुकीचे मूळ कागदात आहे, हे निरक्षर कुणब्याने नेमके ओळखले होते. १८७९ मध्ये इंग्रज सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करणे भाग पडले.

आजच्या सावकाराचे खत जाळता येत नाही. ते ऋणकोच्याच खिशातील फोनमध्ये असते. आमचा एक माजी विद्यार्थी कंत्राटी कामगार आहे. पगार लांबला म्हणून त्याने एका ॲपवरून पाच हजारांचे कर्ज घेतले. ‘शुल्क’ कापून हाती तीन हजार आले आणि सातव्या दिवशी पाच हजारांची मागणी झाली. तीन हजारांवर आठवड्याला दोन हजार, म्हणजे सरळ व्याजानेही वर्षाला तीन हजार चारशे टक्क्यांवर! मारवाडपेठेतला जुना सावकारही या दराने लाजला असता. फेड चुकताच फोनमधील नातेवाइकांना शिवीगाळ आणि विकृत केलेली छायाचित्रे जाऊ लागली. पहिले कर्ज फेडण्यासाठी त्याने दुसरे काढले, दुसऱ्यासाठी तिसरे. या धंद्यात तारण एकच, गरिबाची अब्रू.

रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाला २०२१ च्या आरंभी सुमारे ११०० कर्ज-ॲप आढळली. त्यांतील सुमारे ६०० बेकायदा होती. २०२२ पासूनच्या नियमांनुसार सर्व खर्च धरून वार्षिक दर आधी लेखी सांगावा लागतो, रक्कम थेट ऋणकोच्या खात्यात यावी लागते आणि फोनमधील क्रमांकांच्या यादीला हात लावण्यास मनाई आहे. तेव्हा जे ॲप ती यादी मागते, तेथेच थांबावे. कर्ज कोणती बँक वा वित्तसंस्था देते हे विचारून त्या संस्थेकडेच खातरजमा करावी. ‘कर्ज मंजूर आहे, आधी शुल्क भरा’ असे सांगणाऱ्याजवळ द्यायला कर्ज नसतेच.

फसल्यावर पहिले पथ्य असे की, फेडीसाठी नवे कर्ज काढू नये. धमक्यांचे संदेश व पैसे भरल्याचे पुरावे जपून ठेवावेत आणि ॲपला दिलेल्या परवानग्या काढून घ्याव्यात. १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी. पैसे पुढे सरकण्याआधी अडवायचे असतील तर येथे तासांना किंमत आहे. बँकेला कळवावे. पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा विनामूल्य मिळणारा अहवाल मागवून आपल्या नावावर भलतेच कर्ज चढलेले नाही ना, हे पाहावे. आणि नातेवाइकांना आपणच आधी सांगावे. आमच्या विद्यार्थ्याने हे फार उशिरा केले. बहिणीला सारे सांगितले त्या रात्री तो कित्येक दिवसांनी झोपला.

परंतु सावधगिरीचा उपदेश करून शासनाला मोकळे होता येणार नाही. बेकायदा कर्जव्यवहारावर बंदी घालणाऱ्या विधेयकाचा मसुदा केंद्राने डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केला, म्हणजे कार्यगटाच्या शिफारशीनंतर तीन वर्षांनी. शिवाय पाच हजारांसाठी बँकेची पायरी चढू न शकणाऱ्याने जायचे कोठे, हा प्रश्न त्या मसुद्याच्या कक्षेबाहेरचा आहे. कामगारांच्या पतसंस्थांनी दोन दिवसांत मिळणारे छोटे आपत्कालीन कर्ज सुरू करावे आणि कंत्राटी कामगारालाही सभासद करून घ्यावे. संघटनांनी ही मागणी येत्या वार्षिक सभांतच मांडली पाहिजे.