कोस बेटाचे रेशीम आणि आपला कोसा

मंडळी, आजचा धागा एका कबुलीने सुरू करतो. पदवीच्या दुसऱ्या वर्षी एका वक्तृत्व स्पर्धेत मी छाती फुगवून सांगितले होते, ‘रोमच्या स्त्रिया भंडाऱ्याचा कोसा नेसत असत, त्या वस्त्राला त्या कोआ म्हणत, तो आपलाच शब्द!’ टाळ्या मिळाल्या, बक्षीसही मिळाले. हाच दावा आता वेगवेगळ्या रूपांत फिरताना दिसतो आणि दर वेळी तो वाचताना मला माझेच भाषण आठवते. म्हणून त्याचा हिशेब आज मीच चुकता करतो.

आधी खरे काय ते पाहू. एजियन समुद्रात, आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ, कोस नावाचे बेट आहे. तिथे रानकिड्यांच्या कोशांपासून रेशीम निघत असे. ॲरिस्टॉटलने इसवीसनपूर्व चौथ्या शतकात प्राण्यांविषयीच्या ग्रंथात त्या किड्याचे वर्णन केले असून, असे वस्त्र प्रथम विणणारी म्हणून पाम्फिली या स्त्रीचे नाव दिले आहे. रोमन काळात हे वस्त्र पारदर्शकतेसाठी प्रसिद्ध झाले. प्लिनी तर कुरकुरतो की उन्हाळ्यात हलके वाटते म्हणून पुरुषांनाही ते वापरण्याची लाज उरली नाही. इसवीसन १६ मध्ये रोमच्या सिनेटने पुरुषांच्या रेशमी वस्त्रांवर बंदी घातली, ही नोंद टॅसिटसची.

ही चिडचिड समजून घ्यायला रोमन पोशाख डोळ्यांसमोर आणावा लागतो. नागरिकाचा तोगा म्हणजे लोकरीचे, पाच मीटरांहून लांब, एका बाजूने गोलाकार कापलेले वस्त्र. ते अंगाभोवती गुंडाळायचे आणि डाव्या हातावर तोलून धरायचे. तोगा नेसलेला माणूस धावू शकत नाही, ओझे उचलू शकत नाही. प्रतिष्ठा त्या अडचणीतच होती. (लग्नात प्रथमच धोतर नेसलेल्या आमच्या मित्रांना हे पटकन कळेल.) अशा समाजात वाऱ्यासारखे झुळझुळीत कापड म्हणजे शिस्तीलाच आव्हान.

गंमत अशी की कोस बेटावर पुरुषाने स्त्रीवेष घेणे हा धर्मविधीचा भाग होता. प्लुटार्क सांगतो, तिथे हेराक्लीसचा पुजारी यज्ञापूर्वी बायकी वस्त्रे आणि शिरोभूषण घालत असे. कारण कथा अशी, की बेटावरच्या लढाईत पाठलाग चुकवताना हा महावीर एका थ्रेसियन बाईकडे जाऊन तिच्या वेषात लपला होता. बारा पराक्रमांची यादी पाठ करणाऱ्यांना ही कथा सहसा ठाऊक नसते. मला मात्र ती त्या बाराही पराक्रमांपेक्षा आवडते.

आता आपला दावा. ‘कोसा’ हा शब्द संस्कृत ‘कोश’ यावरून आला, म्हणजे आवरण, म्यान. ‘कौशेय’ हे रूप कसे सिद्ध होते ते पाणिनी सांगतो; म्हणजे रोमशी व्यापार भरात येण्याच्या कितीतरी आधी हा शब्द इथे होता. दुसरीकडे, कोस हे बेटाचे नाव होमरच्या इलियडमधील जहाजांच्या यादीत आहे, तिथे रेशमाचा संबंधही नाही. कापडाला बेटावरून नाव मिळाले, जसे पैठणीला पैठणवरून. दोन शब्द केवळ ध्वनीने भेटले, एवढेच.

पण महाराष्ट्राचे कापड पश्चिमेला जातच नव्हते काय? जात होते. पेरिप्लस हा इसवीसन पहिल्या शतकातील प्रवासग्रंथ तगर, म्हणजे आजचे तेर, इथून गाड्यांनी भडोचला जाणाऱ्या कापडाचा स्पष्ट उल्लेख करतो. मात्र ते जाडेभरडे आणि तलम सुती कापड. वैनगंगेच्या खोऱ्याचे नाव त्यात नाही. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत पोसायडनची कांस्यमूर्ती सापडली म्हणून प्रत्येक गावाने रोमशी सोयरीक जुळवावी असे नाही.

आणि आपल्याला ती सोयरीक हवी तरी कशाला? पवनीला १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी उत्खनन केले. जगन्नाथ टेकडी आणि चांडकापूर येथील स्तूप, मुचलिंद नागाचे शिल्प, हे सारे रोमच्या शिक्क्याविना उभे आहे. कोशाचेही तसेच. ऐनाच्या आणि अर्जुनाच्या झाडांवर कोसाकिडे सांभाळणारे ढिवर, मोहाडी-आंधळगावकडचे कोष्टी विणकर, मांडीवर सूत वळणाऱ्या बाया: या कसबाला जुनेपणाचे प्रमाणपत्र सिनेटकडून आणावे लागते, ही भावना मला त्या खोट्या व्युत्पत्तीपेक्षा अधिक खुपते. माझ्या त्या भाषणात रोमन स्त्रिया होत्या, प्लिनी होता. शेजारच्या घरात मागावर बसलेला एकही माणूस नव्हता. स्पर्धेची तयारी करताना मागाचा खटखटाट मला ऐकू येत होता आणि तो थांबावा म्हणून मी खिडकी लावून घेतली होती.

खरे तर दोन दूरच्या प्रदेशांतील माणसांनी, एकमेकांना न पाहता, रानातल्या किड्याचे घरटे उकलून धागा काढला, ही गोष्ट कोणत्याही ‘आपण त्यांना शिकवले’ पेक्षा मोठी आहे. कोसचे ते रेशीम पुढे चिनी रेशमापुढे टिकले नाही. आपले अजून टिकून आहे, पण माग कमी होत चालले आहेत.

तुमच्या घरी आजीचे जुने करवतकाठी लुगडे असेल तर त्याच्या काठाचे छायाचित्र खाली टाका आणि गाव लिहा. कोसा उकळण्यापासून काठ भरण्यापर्यंतच्या कामांना घरात जे शब्द वापरतात तेही लिहा. प्रमाण भाषेत बदलू नका, जसेच्या तसे हवेत.