रुमालाचा हक्क, दिव्याचा तोरा

छत्रपती संभाजीनगरच्या मध्यवर्ती बसस्थानकात सणासुदीला सिल्लोडची किंवा जालन्याची गाडी फलाटाला लागताना बघावी. ती धड थांबायच्या आतच खिडक्यांच्या काचा बाहेरून सरकतात. एकीतून रुमाल आत पडतो, दुसरीतून पाण्याची बाटली, तिसरीतून पिशवी आणि चौथीतून थेट नातू. आजोबा खालून बजावतात, "दोन सीटवर आडवा हो, कुणी कितीबी म्हणो, उठू नको." तोवर दोन धाडसी तरुण ड्रायव्हरच्या दारातून आत पोचलेले असतात. दारातून रीतसर चढलेल्या माणसाला आत गेल्यावर कळतं, की गाडी रिकामी आहे, पण जागा एकही नाही. वाद कंडक्टरपुढे जातो. कंडक्टर डबल बेल मारतो आणि निकाल राखून ठेवतो.

आता हे सगळं कायद्याला माहीत नाही, असं कुणी समजू नये. मोटार वाहन कायदा १९८८चा. त्याच्या कलम १२३ने पायरीवर, टपावर किंवा बॉनेटवर बसून प्रवास करायला मनाई केली आहे. पहिल्या खेपेला दंड पाचशे रुपये. तिकीट न काढता बसलात तर कलम १७८ प्रमाणे पुन्हा पाचशेपर्यंत. रेल्वेचा कायदा १९८९चा आणि तो आणखी बारीक नजरेचा. टपावर किंवा पायरीवर बसून जाणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर पाचशेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्याच्या आरक्षित जागेवर बसून "उठा" म्हटल्यावरही न उठणाऱ्याला कलम १५५ खाली पाचशेपर्यंत दंड आणि वर बाहेर काढण्याची सोय. त्याच कलमाचं दुसरं पोटकलम तर खास आपल्यासाठी लिहिल्यासारखं आहे. स्वतःसाठी राखीव नसलेल्या डब्यात दुसऱ्याला चढू न देणाऱ्या प्रवाशाला दोनशे रुपयांपर्यंत दंड. म्हणजे दारात पाय रोवून "इथं जागा नाही, पुढचा डबा बघा" असं सांगणं हा गुन्हा आहे. तपोवन एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात हे पोटकलम एक महिना नेटानं लावून बघावं. डबा वाढवण्याचा खर्च त्यातूनच निघेल.

पण खिडकीतून चढणाऱ्याला एक सबब तरी आहे. त्याला घरी जायचं असतं आणि पुढची गाडी कधी येईल, याची खात्री चौकशी खिडकीलाही नसते. राज्य सरकारने ऑगस्ट २०२२मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत केला, मार्च २०२३मध्ये महिलांना निम्मं तिकीट दिलं. दोन्ही निर्णय चांगले. त्यामुळे एसटीकडे वळलेल्या प्रवाशांना उभं राहायला तरी जागा हवी, हा हिशेब मात्र त्याच तत्परतेनं झाला नाही. सवलत आधी आली, गाड्या मागाहून येताहेत. ही घुसखोरी गरजेची आहे. ती शोभत नाही, म्हाताऱ्याकोताऱ्यांवर आणि लेकुरवाळ्यांवर अन्याय करते, पण तिचं मूळ टंचाईत आहे.

दुसरी घुसखोरी मिजाशीची. ती बघायला जालना रोडवर जावं. घाटी रुग्णालय १९५६पासूनच्या वैद्यकीय महाविद्यालयाचं. सगळ्या मराठवाड्यातून आणि पलीकडे बुलढाण्यापासूनही रुग्ण तिथे येतात. २०१४पासून राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका धावते आहे. क्रांती चौकाकडे निघालेल्या अशा एखाद्या रुग्णवाहिकेला लोक कशीबशी वाट करून देतात आणि ती पुढे सरकताच तिच्या मागच्या मोकळ्या पट्ट्यात एक मोटार, दोन बुलेट आणि एक रिक्षा शिरतात. रुग्णाच्या जिवासाठी झालेली वाट यांना दोन सिग्नल वाचवायला उपयोगी पडते.

अशा गाडीची वाट अडवली, तर दंड काही पाचशे रुपयांचा नाही. २०१९च्या दुरुस्तीने आलेलं कलम १९४-ई सांगतं, की रुग्णवाहिकेला किंवा अग्निशमन दलाच्या गाडीला वाट न देणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. मात्र त्या दुरुस्तीतले वाढीव दंड बघूनच आपल्या राज्याला घाम फुटला होता. ते महाराष्ट्रात लागू व्हायला डिसेंबर २०२१ उजाडला. अशी कारवाई झालेला कुणी शेजारीपाजारी आढळला, तर वाचकांनी जरूर कळवावं.

याच मिजाशीचं वरचं टोक म्हणजे स्वतःच रुग्णवाहिका असल्याचा आव आणणारी खासगी मोटार. लाल दिव्याची संस्कृती १ मे २०१७पासून केंद्राने मोडीत काढली. मंत्र्यांचे दिवे उतरले, हौस उतरली नाही. २०२४मध्ये पुण्यात एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या खासगी मोटारीवरचा दिवा राज्यभर गाजला. त्याच वर्षी केरळात एक नेते त्रिशूरच्या पूरम उत्सवाला चक्क रुग्णवाहिकेतून पोचल्याच्या तक्रारीवरून पोलिसांनी गुन्हा नोंदवला. एसटीत चढायला यांना खिडकी लागत नाही, कारण हे एसटीत चढतच नाहीत. टंचाई यांना कशाचीच नाही. नाही ती फक्त थांबण्याची सवय.

कायद्यांची आपल्याकडे वाण नाही. वाण आहे ती पावती कुणाची फाडायची हे ठरवण्याच्या धाडसाची. पाचशेची पावती फाडणं सोपं, कारण पायरीवर लटकलेला माणूस पळून जाऊ शकत नाही. म्हणून क्रम उलटा करावा. एसटीने आधी गाड्या वाढवाव्यात आणि फलाटावर रांग लावून दाखवावी, मग खिडकीवाल्यांना दंड करावा. पोलिसांनी आणि परिवहन विभागाने मात्र वाट बघायचं कारण नाही. चौकाचौकांत स्मार्ट सिटीचे कॅमेरे आहेत, त्यांत रुग्णवाहिकेची वाट अडवणाऱ्यांचे नंबरही दिसतात. एकदा दहा हजारांची पावती फाडावी आणि तिची बातमी होऊ द्यावी. आणि वाचकांना एवढंच सांगणं, की सायरन ऐकू आला तर डावीकडे व्हा. गाडी पुढे गेल्यावर तिच्या मागे लागू नका.